फुंक आणि पुरावा

नाकाबंदीवर गाडी बाजूला घेतली की हवालदार हातातलं यंत्र तोंडासमोर धरतो आणि सांगतो, "फुंका. जोरात. थांबू नका. अजून, अजून..." यंत्रातून आवाज येतो, काचेवर आकडा उमटतो आणि त्या आकड्यावर पुढचं सगळं ठरतं : दंड, खटला, परवाना, क्वचित तुरुंग. एवढ्याला दहा सेकंदही लागत नाहीत. पण त्या "अजून, अजून"मागे जवळजवळ शंभर वर्षांचा वाद आहे आणि तो अजून मिटलेला नाही. श्वासातल्या अल्कोहोलच्या चाचणीचा इतिहास बहुतेक वेळा रसायनांचा आणि यंत्रांचा म्हणून सांगितला जातो : आधी रंग बदलणारी द्रावणं आली, मग स्फटिकांच्या नळ्या, मग इंधनघट, मग अवरक्त किरण. हा क्रम खरा आहे, पण त्यात मुख्य गोष्ट निसटते. अल्कोहोल मोजण्याचं रसायन पहिल्यापासून पुरेसं चांगलं होतं. मोजायचा श्वास नेमका कोणता, हे मात्र ठरत नव्हतं. शोधकर्त्यांची, न्यायालयांची आणि कायदे करणाऱ्यांची खरी झटापट झाली ती माणसाच्या फुंकण्याशी. तो श्वास रोखतो, धापा टाकतो, अर्ध्यावर सोडतो, नाहीतर त्याच्या छातीत तेवढी हवाच नसते. ज्या देशांनी हे ओळखून कायदा घडवला, तिथे ही चाचणी भरवशाची झाली. आपण यंत्र घेतलं, पण त्या झटापटीतून निघालेले धडे सोबत घेतले नाहीत, असं माझं मत आहे.

मूळ कल्पना साधी आहे. प्यायलेली दारू रक्तात मिसळते, रक्त फुप्फुसांत जातं आणि तिथल्या सूक्ष्म वायुकोशांत रक्तातलं थोडं अल्कोहोल हवेत उतरतं. द्रवात विरघळलेला वायू आणि त्या द्रवावरच्या हवेतला वायू यांचं प्रमाण ठरावीक तापमानाला ठरावीक असतं, हे विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्येच मांडलं होतं. तेव्हा हवेतलं अल्कोहोल मोजलं की रक्तातलं कळायला हवं. लंडनचे डॉक्टर फ्रान्सिस ॲन्स्टी यांनी १८७४ मध्ये दाखवून दिलं की शरीरातलं थोडं अल्कोहोल श्वासावाटे बाहेर पडतं. त्यांना पोलिसी कामाशी कर्तव्य नव्हतं. दारू शरीरात जळते की तशीच बाहेर पडते, हा त्या काळातला वैद्यकीय वाद त्यांना सोडवायचा होता. श्वासाचा उपयोग नशा मोजायला करता येईल, हे ठसवलं ते लॉस एंजेलिसच्या एमिल बोगेन यांनी, १९२७ मध्ये. त्यांनी लोकांना फुटबॉलच्या ब्लॅडरमध्ये फुंकायला लावलं आणि ती हवा गंधकाम्लातल्या पोटॅशियम डायक्रोमेटमधून सोडली. अल्कोहोल असेल तर त्या द्रावणाचा पिवळा-नारिंगी रंग हिरवटाकडे झुकतो. रंग किती बदलला ते ठरावीक ताकदीच्या द्रावणांशी ताडून पाहायचं, एवढीच रीत. इथवर सगळं सुरळीत होतं. पण ब्लॅडरमध्ये जमलेली हवा होती कुठली? फुंकीची सुरुवात तोंडातल्या आणि श्वासनलिकेतल्या हवेने होते, आणि ती रक्ताच्या जवळही गेलेली नसते. वायुकोशांतली हवा येते ती नंतर. दोन्ही एकत्र झाल्या की आकडा पातळ होतो. तो किती पातळ होईल, हे माणूस किती आणि कसा फुंकतो यावर अवलंबून राहतं.

इंडियाना विद्यापीठातले रोला हार्गर यांनी या अडचणीवर जी युक्ती काढली, ती बुद्धिमान होती, आणि तिच्यातला दोष आजही बरंच शिकवतो. त्यांचं 'ड्रंकोमीटर' १९३० च्या दशकात तयार झालं आणि १९३८ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री इंडियानापोलिसच्या पोलिसांनी ते प्रथम कामाला लावलं. पुढच्याच वर्षी इंडियाना राज्याने रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा, ०.१५ टक्का, कायद्यात लिहिली. ड्रंकोमीटरमध्ये माणूस फुग्यात फुंके, फुग्यातली हवा आम्लातल्या पोटॅशियम परमँगनेटमधून जाई आणि जांभळा रंग नाहीसा होईपर्यंत किती हवा लागली ते पाहिलं जाई. फुग्यात वरची हवा किती आणि वायुकोशांतली किती, हे ठरवायला हार्गर यांनी कार्बन डायऑक्साइडचा आधार घेतला. वायुकोशांतल्या हवेत तो साधारण ५.५ टक्के असतो, असं धरून फुग्यातल्या कार्बन डायऑक्साइडवरून खोल हवेचा हिशेब करायचा. आता या हिशेबात मुद्दाम धापा टाकणारा माणूस घालून पाहा. भराभर श्वास घेतल्याने त्याच्या वायुकोशांतला कार्बन डायऑक्साइड झपाट्याने उतरतो, अल्कोहोल मात्र तितकं उतरत नाही. यंत्राला वाटतं, फुग्यात खोल हवा कमीच आहे, आणि ते अल्कोहोलचा आकडा उलट वाढवून सांगतं. पुढच्या पिढीच्या यंत्रांत हीच धाप आकडा कमी करते. एकच माणूस, एकच दारू, एकच युक्ती, आणि यंत्र बदललं की चूक उलट्या दिशेला. दोष रसायनात असता तर चुकीची दिशा अशी फिरली नसती. ती फिरते, कारण प्रत्येक यंत्र 'खरा श्वास कोणता' या प्रश्नाचं स्वतःचं उत्तर आत बाळगून असतं.

रक्त आणि श्वास यांची सांगड घालणारा आकडाही याच काळात घडला. स्वीडनमध्ये लिलियेस्ट्रांड आणि लिंडे यांनी १९३० मध्ये मोजलं की सुमारे दोन लिटर श्वासात जेवढं अल्कोहोल असतं तेवढं एक मिलिलिटर रक्तात असतं. बाहेर पडणारा श्वास त्यांनी ३१ अंश सेल्सिअस धरला होता. नंतरच्या मोजण्यांत तो ३४ अंशांच्या आसपास निघाला. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २१०० ला १ हे प्रमाण पक्कं केलं, आणि जगातल्या बहुतेक यंत्रांच्या पोटात ते जाऊन बसलं. इंडियाना राज्य पोलिसांतले कॅप्टन रॉबर्ट बॉर्केनस्टाइन यांनी १९५४ मध्ये बनवलेल्या 'ब्रेथलायझर'ची रचना पाहिली की हा आकडा हाताला लागतो. नळीतून फुंकलं की श्वास एका उभ्या सिलिंडरमधला दट्ट्या वर उचलतो. आधीची हवा भोकांवाटे निघून जाते. फुंक संपली की दट्ट्या खाली येऊ लागतो आणि शेवटची ५२.५ मिलिलिटर हवा आत अडकते. बावन्न पूर्णांक पाच हा आकडा मनाला येईल तसा घेतलेला नव्हता : त्याची चाळीसपट म्हणजे बरोबर २१०० मिलिलिटर. ती अडकलेली हवा डायक्रोमेटच्या छोट्या कुपीतून जाते आणि रंग किती फिका पडला ते प्रकाशविद्युत घट सांगतात. बॉर्केनस्टाइन पोलीस खात्यात छायाचित्रणाचं काम केलेले गृहस्थ होते. प्रकाश मोजण्याचं वळण त्यांच्या हाताला होतंच. पण त्यांचं खरं योगदान मला प्रकाशमापनापेक्षा त्या दट्ट्यात दिसतं. फुग्यातल्या सरमिसळीतून हिशेबाने खोल हवा वेगळी काढण्याऐवजी त्यांनी शेवटची हवाच पकडली. हवालदाराच्या "अजून, अजून"चा उगम तिथे आहे.

युरोपात वाट वेगळी होती. जर्मनीच्या ड्रेगर कंपनीने १९५३ मध्ये स्फटिक भरलेली काचेची नळी आणि पिशवी बाजारात आणली. ब्रिटनमध्ये वाहतूकमंत्री बार्बरा कॅसल यांनी आणलेला कायदा ९ ऑक्टोबर १९६७ ला लागू झाला आणि रस्त्यावरच्या पोलिसांच्या हाती तीच नळी-पिशवी आली. स्फटिक पिवळ्याचे हिरवे होत नळीवरच्या रेघेपलीकडे गेले तर पुढची तपासणी. पिशवी कशी फुगवायची, किती वेळात, आधी किती मिनिटं थांबायचं, अशा सूचना निर्मात्यानेच दिल्या होत्या, आणि त्या तंतोतंत पाळल्या की नाही यावर ब्रिटिश न्यायालयांत वर्षानुवर्षं वाद रंगले. वरवर पाहता हा वकिली कीस होता. पण पिशवी एका दमात भरली की चार दमांत, याने खरोखरच आत जाणारी हवा बदलत होती. वकिलांनी बोट ठेवलं होतं ते योग्य जागी.

श्वास घेण्याच्या पद्धतीने आकडा नेमका किती हलतो, याचं मोजमाप मात्र बराच काळ मोघम राहिलं. ते नीट केलं ए. डब्ल्यू. जोन्स यांनी. स्वीडनमध्ये काम करणाऱ्या या संशोधकाचा लेख १९८२ मध्ये 'मेडिसिन, सायन्स अँड द लॉ' या नियतकालिकात आला. दारू दिलेल्या माणसांना त्यांनी आधी नेहमीसारखं फुंकायला लावलं, मग वेगवेगळ्या तऱ्हांनी, आणि प्रत्येक वेळी अल्कोहोलबरोबर श्वासाचं तापमानही मोजलं. तीस सेकंद श्वास रोखून मग फुंकलं तर आकडा सरासरी १५.७ टक्क्यांनी वाढला आणि श्वास ०.६ अंशाने तापला. वीस सेकंद भराभर श्वास घेऊन लगेच फुंकलं तर आकडा १०.६ टक्क्यांनी घटला आणि श्वास एका अंशाने थंडावला. पाच मिनिटं तोंड मिटून नाकाने उथळ श्वास घेत राहिलं तर वाढ ७.३ टक्के. अगदी सावकाश, वीस सेकंद लावून फुंकलं तर वाढ दोनच टक्के, आणि तापमान जिथल्या तिथे. या चार आकड्यांची जुळणी मला विलक्षण वाटते. द्रवातून हवेत उतरणाऱ्या अल्कोहोलचं प्रमाण तापमानाच्या दर अंशामागे साधारण साडेसहा टक्क्यांनी बदलतं. म्हणजे धापेमुळे झालेल्या घटीचा मोठा वाटा नुसत्या थंडाव्याने समजावता येतो. रक्तातलं अल्कोहोल त्या वीस सेकंदांत तसूभरही हललेलं नसतं. हललेला असतो तो वाटेतला मुलूख : घसा, श्वासनलिका, तिच्या ओल्या भिंती.

त्या ओल्या भिंतींचं महत्त्व पुढे अमेरिकेत सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले मायकेल हलास्टाला यांनी उलगडलं, आणि जुन्या गृहीतकाचा पायाच हलला. बॉर्केनस्टाइन यांच्या काळापासून समजूत अशी होती की आधी रिकामी हवा येते, मग वायुकोशांतली हवा आली की पातळी स्थिर होते, आणि त्या सपाटीवरचा नमुना घेतला की काम झालं. प्रत्यक्षात सपाटी येतच नाही. फुंकत राहाल तोवर आकडा हळूहळू चढत राहतो. याचं कारण अल्कोहोलला पाण्याची असलेली जबर ओढ. आत घेतलेली कोरडी, गार हवा वायुकोशांपर्यंत पोहोचण्याआधीच श्वासनलिकेच्या ओल्या अस्तरातून अल्कोहोल उचलते आणि बाहेर येताना त्याच, आता थोड्या थंडावलेल्या अस्तरावर त्यातलं काही परत ठेवून येते. भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला आतून पाणी धरावं तसं. ओठांशी येणारी हवा म्हणजे वायुकोशांतली हवा जशीच्या तशी नव्हे. वाटेत देवघेव करून आलेली हवा आहे ती. यातून न्यायाचा एक प्रश्न उभा राहतो आणि हलास्टाला यांनी तो जोर देऊन मांडला. यंत्राला किमान ठरावीक हवा लागते. पुष्कळ यंत्रांत ती लिटर-दीड लिटर असते. धिप्पाड माणूस आपल्या छातीतल्या हवेचा थोडासा भाग देऊन हे माप पुरं करतो. लहान चणीची बाई किंवा वृद्ध माणूस तेवढ्यासाठी छाती जवळजवळ रिकामी करतो, म्हणजे चढत्या आकड्याच्या अधिक वरच्या टोकाला जाऊन पोहोचतो. दोघांच्या रक्तात अल्कोहोल समान असलं तरी यंत्र दुसऱ्याला थोडं जास्त दोषी ठरवू शकतं. आणि दमेकऱ्याला ते माप पुरंच करता आलं नाही, तर त्याच्यावर चाचणीला नकार दिल्याचा ठपका येण्याची भीती.

इथे कुणी म्हणेल, मग या यंत्राला अर्थच काय राहिला? बचाव पक्षाचे वकील नेमकं हेच म्हणत आले आहेत. मला हा निष्कर्ष मान्य नाही, आणि कारण त्याच पुराव्यात आहे. चुका आहेत, पण त्यांना मर्यादा आहे. मुद्दाम श्वास बिघडवूनही आकडा दहा-पंधरा टक्के हलतो. दुप्पट किंवा निम्मा होत नाही. दुसरं असं की २१०० हे प्रमाण मुळातच चालकाच्या बाजूने झुकलेलं आहे. दारू शरीरात पूर्ण मुरल्यानंतर बहुतेक माणसांत रक्त आणि श्वास यांचं खरं प्रमाण २३०० ते २४०० च्या आसपास सापडतं. ज्याच्या रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम अल्कोहोल आहे आणि प्रमाण २४०० आहे, त्याच्या श्वासावरून २१०० चा हिशेब लावणारं यंत्र साधारण २६ दाखवेल. म्हणजे सरासरी माणसाला यंत्र थोडी सवलतच देतं. शिवाय जो १५० वर आहे त्याने कितीही धापा टाकल्या तरी यंत्र १३० च्या खाली सहसा जाणार नाही. प्रश्न उरतो तो सीमारेषेजवळच्या माणसांचा. नेहमीच्या श्वासात २८ दाखवणारा माणूस, भीतीने का होईना, अर्धा मिनिट श्वास कोंडून फुंकेल तर ३२ वर जातो. ३३ वर असलेला माणूस धापा टाकून २९ वर उतरू शकतो. पहिला निर्दोष असून अडकतो, दुसरा दोषी असून सुटतो. पहिल्याबद्दल मला अधिक काळजी वाटते, कारण पोलीस समोर आल्यावर श्वास कोंडला जाणं ही बनवाबनवी नव्हे, तो मनुष्यस्वभाव आहे.

दुसरा आक्षेप असा की हे असं उघड लिहिलं तर दारुडे चालक धापा टाकायला शिकतील. पण चांगल्या यंत्राला आणि सावध पोलिसाला वीस सेकंदांची धाप लपत नाही. अवरक्त किरणांवर चालणारी यंत्रं १९७० च्या दशकात आली, ती फुंक चालू असताना अल्कोहोलची चढण क्षणोक्षणी पाहतात. प्रवाह तुटला, फुंक लहान पडली, किंवा तोंडात उरलेल्या दारूमुळे आकडा आधी उसळून मग घसरला, तर नमुना नाकारू शकतात. त्याच दशकात वेल्समध्ये टॉम पॅरी जोन्स आणि बिल ड्यूसी यांनी इंधनघटाचं हातात मावणारं उपकरण घडवलं. त्यात प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर अल्कोहोलचं ऑक्सिडीकरण होतं आणि निर्माण झालेली वीज मोजली जाते. नाक्यावरची यंत्रं बहुतेक याच जातीची. ती स्वस्त, टिकाऊ आणि नेमकी आहेत, पण सारी फुंक पाहत नाहीत. ठरल्या क्षणी चिमूटभर हवा ओढून घेतात. त्या क्षणी छातीतली कितवी हवा बाहेर येते आहे, हे पुन्हा फुंकणाऱ्यावरच. म्हणून अशा यंत्राच्या एका आकड्यावर भिस्त ठेवणं धोक्याचं, आणि दोन आकडे जुळले तर त्यांना वजन येतं.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार : सरळ रक्तच तपासावं, श्वासाची कटकट कशाला? रक्ताची प्रयोगशाळेतली चाचणी नेमकी असते, यात शंका नाही. पण रस्त्यावरून रुग्णालयात जाईपर्यंत वेळ जातो आणि त्या वेळात अल्कोहोल घटतं, किंवा नुकतंच प्यायलं असेल तर वाढतंही. सुई टोचणं ही शरीरावरची आगळीक आहेच. शिवाय दारू शरीरात शिरत असताना धमनीतलं रक्त आणि दंडाच्या शिरेतलं रक्त यांतलं प्रमाण वेगळं असतं. मेंदूकडे धमनीतलं जातं आणि श्वास त्याच्याच जवळचं सांगतो. तेव्हा शिरेतलं रक्त म्हणजे अंतिम सत्य आणि श्वास म्हणजे त्याची अधू छाया, ही मांडणी टिकत नाही. ज्या देशांनी हा विषय गांभीर्याने घेतला त्यांनी ही मांडणीच टाकून दिली. ब्रिटनने १९८१ च्या कायद्याने श्वासालाच स्वतंत्र मर्यादा दिली, १०० मिलिलिटर श्वासात ३५ मायक्रोग्रॅम, आणि १९८३ पासून ठाण्यावर दोन नमुने घेऊन कमी भरेल तो आकडा धरायला सुरुवात केली. चाळीसच्या खाली तिथे सहसा खटला भरत नाहीत. अमेरिकेच्या अनेक राज्यांनी मर्यादा '२१० लिटर श्वासात इतके ग्रॅम' अशी लिहिली, म्हणजे प्रमाणावरचा वाद न्यायालयाबाहेर गेला. जर्मनीने १९९८ मध्ये एक लिटर श्वासात ०.२५ मिलिग्रॅम ही मर्यादा घातली आणि ठाण्यावरच्या यंत्रात श्वासाचं तापमानही मोजलं जाईल, दोनदा फुंकावं लागेल अशी व्यवस्था केली. तिथल्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने एप्रिल २००१ मध्ये हा पुरावा कोणतीही वजावट न करता स्वीकारला, पण अटीवर : पिणं संपल्यापासून किमान वीस मिनिटं गेलेली असावीत आणि चाचणीआधी दहा मिनिटं माणूस नजरेखाली असावा. जोन्स यांच्या तापमापकाने दाखवलेली चूक तिथे थेट यंत्रात आणि कायद्यात उतरली.

आपल्याकडचा प्रवास उलट्या टोकाने झाला. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. त्यात १९५९ च्या दुरुस्तीने रक्तात ०.०५ टक्का अल्कोहोल सापडलं तर ते दारू नव्हतं, औषध होतं, हे सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर टाकली आणि वैद्यकीय तपासणीचे, रक्त घेण्याचे नियम केले. श्वास तेव्हा डॉक्टरच्या नाकापुरताच होता : दाखल्यावर 'तोंडाला दारूचा वास येतो' असा शेरा. त्या शेऱ्याची किंमत सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये महाराष्ट्रातून आलेल्या एका खटल्यात ठरवली. श्वासाला वास होता, चाल अडखळत होती, बोलणं असंबद्ध होतं, बाहुल्या विस्फारल्या होत्या, एवढ्यावरून माणूस प्यायलेला होता असं धरता येणार नाही. मोजणी हवी. ती मोटार वाहन कायद्याने आणली. १९८८ च्या त्या कायद्याच्या कलम १८५ मध्ये १९९४ च्या दुरुस्तीने मर्यादा आली : १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, आणि ती सापडायची ब्रेथ ॲनालायझरच्या चाचणीत. मुंबईत नोव्हेंबर २००६ मध्ये कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या सात मजुरांचा गाडीखाली जीव गेला. २००७ पासून वाहतूक पोलिसांनी हातात यंत्र घेऊन मोहीम सुरू केली. तिने शहराच्या सवयी बदलल्या आणि त्याबद्दल त्या खात्याचं ऋण मानलंच पाहिजे. पण कायद्याची भाषा पाहा : मर्यादा रक्ताची, मोजणी श्वासाची, आणि दोहोंमधलं प्रमाण कलमात कुठेच नाही. ते यंत्र बनवणाऱ्याने आत जे भरलं असेल ते. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा हजारांपर्यंत नेला आणि प्रयोगशाळेसह इतर चाचण्यांचाही उल्लेख घातला, श्वासाची स्वतंत्र मर्यादा मात्र घातली नाही. तीस ही मर्यादा इंग्लंडमधल्या रक्ताच्या ऐंशी मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा पुष्कळ कडक आहे, आणि ती कडक असावी, असंच माझं मत आहे. पण मर्यादा जितकी खाली, तितकी गर्दी रेषेजवळ, आणि तितकं तीन-चार मिलिग्रॅमच्या चुकीचं मोल जास्त.

म्हणून मागणी मोठी नाही. रेषेच्या अलीकडे-पलीकडे, समजा २५ ते ४० च्या दरम्यान आकडा आला, तर चालकाला काही मिनिटं शांतपणे बसू द्यावं, नेहमीसारखा श्वास घेऊ द्यावा आणि दुसऱ्यांदा फुंकायला लावावं. दोन्ही आकडे पावतीवर छापावेत, कमी असेल तो धरावा. फुंक किती सेकंद चालली आणि हवा किती गेली हे ज्या यंत्रांना नोंदवता येतं, त्यांनी तेही छापावं. ज्याच्या छातीत दम नाही, त्याला नकार देणारा न समजता रक्तचाचणीकडे पाठवावं. ३१ डिसेंबरच्या रात्री रांग लागलेली असताना एवढा वेळ कुठून आणायचा, असं पोलीस विचारतील आणि तो प्रश्न रास्त आहे. पण शंभर-दीडशेचे आकडे या अटीत येतच नाहीत. थांबवायचं आहे ते फक्त रेषेजवळच्यांना, आणि त्यांच्यापैकी ज्याचा दुसरा आकडा जुळेल त्याच्याविरुद्धचा खटला न्यायालयात अधिक भक्कम उभा राहील. श्वासासाठी वेगळी मर्यादा लिहायला संसदेला कलम १८५ बदलावं लागेल. दुसऱ्या फुंकीसाठी मात्र काहीच बदलावं लागणार नाही : मोटार वाहन कायद्याचं कलम २०३ पोलिसांना श्वासाचे 'एक किंवा अधिक' नमुने मागण्याचा अधिकार आधीपासूनच देतं.